काकू, नस सरकवा!

माझ्या सासूबाईंचा उजवा हात दुखायला लागला तेव्हा त्यांच्याइतकेच घराचेही हाल झाले, कारण भाकरी माझ्याकडे आल्या. मी शाळेत शिकवताना फळ्यावर झकास वर्तुळ काढायचे, पण काठवटीत ते कधी उतरलं नाही. सासूबाई घास मोडता मोडता म्हणायच्या, "जाड हाय, पन पोटात गेल्यावर कुनाला दिसतंय?"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कळ मानेतून निघायची ती थेट अंगठ्यापर्यंत, आणि बोटांना मुंग्या. गल्लीनं निदान करून टाकलं, शीर चढलीय. दोघीतिघींनी तेल चोळून ती उतरवायचाही घाट घातला. उतरली नाही. सासूबाई कळ सोसायला घाबरणाऱ्या नव्हत्या, त्यांची भीती निराळी होती. एकदा चुलीपाशी मला म्हणाल्या, "हात गेला की मानूस आपल्याच घरात पाव्हना होतं." त्याच आठवड्यात मी त्यांना नगरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांनी आम्हाला केडगावला धाडलं.

केडगावला पुण्याहून शिकून आलेली एक तरुण डॉक्टरीण होती, व्यायामाची. मानेतून बोटांपर्यंत जाणारी नस वाटेत कुठंतरी अडखळतेय, ती हळूहळू सरकती करायची, असं तिनं सांगितलं. हात बाजूला लांब काढायचा, तळवा भिंतीला टेकवल्यासारखा उभा. मनगट मागं नेताना मान त्याच हाताकडे कलवायची, मनगट सोडताना दुसरीकडे. बस्स, एवढंच. बाहेर पडल्यावर सासूबाईंनी निकाल दिला, "गोळी न्हाई, सुई न्हाई, मग ही डॉक्टर कशाची?"

तरी घरी आल्यावर त्यांनी व्यायाम सुरू केला आणि तो नेमका उलटा केला. जोर लावल्याशिवाय कशाचाच गुण येत नाही, अशी त्यांची जन्माची समजूत. त्यामुळे मनगट मागं ताणलं की मानही विरुद्ध बाजूला ताणायची, वर दात आवळायचे. मला वाटलं, चाललंय छान! चार दिवसांत मुंग्या वाढल्या आणि हातातला तांब्या निसटून पडला. सासूबाई त्या तांब्याकडे बघत राहिल्या. एरवी त्यांनी तांब्यालाच चार शब्द सुनावले असते.

पुन्हा केडगाव. डॉक्टरणीनं व्यायाम करून दाखवायला सांगितला, बघितला आणि विचारलं, "मावशी, परकराची नाडी नेफ्यात कशी सरकवता?"

"एक टोक वढायचं."

"आणि दुसरं?"

"दुसरं सोडायचं. दोनी वढल्यावर ती आवळंल न्हाई का?" बोलता बोलता सासूबाई थबकल्या. "अगं बाई! म्हंजे मी आवळीत हुते व्हय!" आणि अशा हसल्या, की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

त्या दिवसापासून नस हा त्यांचा आपला विषय झाला. आमचं घर जामखेड रस्त्याला लागून. सकाळी त्या दारासमोर रस्त्याच्या कडेला उभ्या राहून व्यायाम करायच्या. आत करा म्हटलं तर म्हणायच्या, "भिंतीकडं तोंड करून उभी राहू? मी काय शाळेत हाय?" आणि तेव्हा हात दाखवला की एस.टी. थांबायची. पहिल्याच सकाळी खर्ड्याची गाडी करकचून त्यांच्यापुढं उभी राहिली.

"चला मावशी, उरका," कंडक्टर म्हणाला.

"मला न्हाई यायचं. मी नस सरकवतीय."

"मग जरा बाजूला सरकून सरकवा की!"

सासूबाई सरकल्या नाहीत. पुढं पुढं ड्रायव्हर त्यांना ओळखून नुसता हॉर्न द्यायचा. पण गाडी हुकायच्या बेतात असलेली माणसं गल्लीतून पळत पळत ओरडायची, "काकू, नस सरकवा!" आणि सासूबाई, चहा घेत असल्या तरी, कपबशी खाली ठेवून, ओरडा ऐकून ड्रायव्हर थांबेपर्यंत हात लांब धरायच्या. मान मात्र बरोबर त्याच बाजूला कलवून.

मुंग्या हळूहळू कमी झाल्या. हाताची कळ ओसरली, मानेतली तेवढी रेंगाळली. मग एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर चुलीपाशी काठवट मांडलेली, आणि सासूबाई पीठ मळत बसलेल्या. मी पिशवी ठेवून शेजारी बसले. पहिली भाकरी कडेला चिरली. दुसरी तव्यावर टम्म फुगली, तशी मी पदरानं डोळे पुसले. "धूर झालाय का गं?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं.

त्या थकल्या की पुढच्या मी थापीन, असा माझा हिशेब होता. पण घरच्यांपुरत्या भाकरी झाल्या, पीठ संपलं, तर त्यांनी डब्यातून आणखी काढलं.

"आत्याबाई, आता कुणासाठी?"

"कुनासाठी न्हाई," त्या वर न बघता म्हणाल्या. "हात थांबंना."

पुढं दोन दिवस आम्ही शिळ्या भाकरीच खाल्ल्या, दुधात कुस्करून, फोडणी देऊन, आणि घरात कुणी ब्र काढला नाही.