खुर्चीच्या हातावरचे दात

संग्रहालयाच्या मिस्त्रीला गर्व असा एकाच गोष्टीचा होता. "आपल्या हातचं काम मला अंधारातसुद्धा ओळखू येतं," असं तो म्हणायचा. पस्तीस वर्षं त्याने त्या इमारतीत काचेच्या पेट्यांच्या चौकटी बसवल्या, मूर्तींखालचे ओटे केले, वाळवीशी भांडण केलं. निवृत्तीला चार महिने उरले होते. आता आपल्या हातून काही चूक व्हायची नाही, अशी त्याची समजूत होती.

त्या दिवशी सकाळी संग्रहालयाच्या मॅडमनी त्याला वर बोलावलं. सोबत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. पायात चपला नव्हत्या. त्यांनी त्या दाराशीच काढल्या होत्या.

"मिस्त्री, पुरातल्या खुर्चीच्या पेटीचं कुलूप काढा. या ताईंच्या घरची आहे ती."

ती खुर्ची म्हणजे लहान मुलाची, गुडघ्याएवढी. पासष्ट वर्षांपूर्वीचा पूर ओसरल्यावर झाडाच्या फांदीत अडकलेली सापडली. डाव्या हातावर बाळाच्या दातांच्या खुणा. कार्डावर लिहिलं होतं, 'मालक अज्ञात'. या बाईंनी वर्तमानपत्रात तिचा फोटो पाहिला आणि दीड दिवसाचा प्रवास करून त्या आल्या.

"माझा धाकटा भाऊ," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांचा होता. दात शिवशिवायचे म्हणून चावायचा. त्याचा फोटो नाही, कपडा नाही. सापडलासुद्धा नाही तो. या खुणा तेवढ्या उरल्या."

मिस्त्रीने खुर्ची अलगद बाहेर काढली.

"खाली बघा हो," बाई म्हणाल्या. "डुगडुगायची म्हणून मी खिळा ठोकलेला. सात वर्षांची होते. वाकडा गेला, बाबांनी कान पिळला होता."

मिस्त्रीने खुर्ची उलटी केली. खिळा नव्हता. खिळ्याच्या जागी पटाशीने मारलेली बारीक फुली होती.

संग्रहालयात कुठल्याही वस्तूची नक्कल केली की खालच्या अंगाला फुली मारायची, हा त्याचाच शिरस्ता.

पंचवीस वर्षांपूर्वी शाळाशाळांतून फिरवायला म्हणून त्याने या खुर्चीची नक्कल केली होती. चहाच्या पाण्याने लाकूड जुनं केलं. दात काही केल्या जमेनात. शेवटी लाकूड गरम पाण्याने मऊ केलं आणि स्वतःच्या लेकाला गोळीची लालूच दाखवून चावायला लावलं. फिरती संपल्यावर दोन्ही खुर्च्या त्याच्या बाकावर शेजारी शेजारी होत्या. तेव्हाचे साहेब म्हणाले, "खरी वर पाठव, नक्कल ने घरी पोराला." उलटी करून बघायला किती वेळ लागला असता? पण बघायचं काय, हातचं काम! त्याने लांबूनच ओळखली आणि एक वर पाठवली.

"खिळा गंजून पडला असेल," मॅडम म्हणाल्या.

"असेल," बाई म्हणाल्या. खाली बसून त्यांनी डाव्या हातावरून बोट फिरवलं. एका खळग्यातून दुसऱ्यात. "अगं बाई, केवढेसे हे..."

मिस्त्री गप्प राहिला असता तर कुणाला काय कळणार होतं? बाई समाधानाने घरी गेल्या असत्या, तो चार महिन्यांनी नारळ घेऊन. पण बाईंनी त्या खुणांवर ओठ टेकायला मान वाकवली आणि त्याला राहवलं नाही.

"ताई, थांबा. ते माझ्या पोराचे दात आहेत."

मॅडम म्हणाल्या, "मिस्त्री, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीये? ही नक्कल आहे मॅडम. फुली बघा. खरी माझ्या घरी आहे. आत्ता चला, जशीच्या तशी आहे!"

ते बोलताना त्याला हायसंसुद्धा वाटलं. मॅडमच्या गाडीत तो पुढे बसला. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा आपला अंगठा गुडघ्यावर मागेपुढे फिरतोय, हे त्याच्या ध्यानात आलं. लाकूड घासताना फिरतो तसा. आणि त्याला आठवलं.

घर येईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

नातू त्या खुर्चीवर बसून बिस्कीट खात होता. खुर्ची निळी होती, चकचकीत. मिस्त्रीच्या मुलाने दार उघडलं, आता तिशीचा, मिशा राखलेला. काय झालं ते कळल्यावर तो म्हणाला, "चावल्याचं आठवतं मला. तोंड तीन दिवस कडू होतं." कुणी हसलं नाही, तसा तो मागे सरला.

नातू उठायला तयार होईना. "माझीये!"

"बस रे राजा, बस," म्हणत बाईंनी गुडघे टेकले आणि सीटखाली हात घातला. चाचपता चाचपता हात थांबला. "हा बघा. वाकडाच आहे मेला."

मग त्यांनी डाव्या हातावरून बोट फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा. उजव्या हातावरून फिरवून पाहिलं. परत डाव्यावर.

"रंगाखाली गेलेत का?"

सून बोलायला लागली, "मामंजींनी दोन वर्षांपूर्वी..." मिस्त्रीने हातानेच तिला थांबवलं.

"मी घासले ताई. पॉलिशपेपरने. नातवाला टोचतील म्हणून. मला वाटलं, आपलंच काम, आपल्याच पोराचे दात, ठेवायचे कशाला? दोनदा घासावं लागलं, जरा खोल होते."

बाईंनी बोट तिथेच ठेवलं. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांना दिसला नाही. ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "भुसा कुठे पडला?"

"काय?"

"घासलात ना. त्याचा भुसा. कुठे बसून घासलंत?"

"बाहेर... भिंतीशी."

बाई उठल्या, अनवाणीच बाहेर गेल्या. त्याने बोट करून जागा दाखवली. तिथे सुनेची स्कूटर उभी होती.

मिस्त्री पुढे झाला. त्याने स्कूटर ढकलून बाजूला घेतली आणि स्वतः भिंतीपासून लांब जाऊन उभा राहिला.