माझा मोबाइल जंगलात, मी क्वार्टरात

हे मी कोणालेच सांगितलं नाई. नवऱ्याले नाई, मायले नाई. तुम्हाले काऊन सांगून राह्यली? तुम्ही मले ओळखत नाई, म्हणून असंल.

मी गार्डबाई आहो, म्हणजे वनरक्षक. त्या उन्हाळ्यात माझ्या बीटात — मले राखायले दिलेल्या जंगलात — मोहा वेचायले गेलेल्या एका बाईले वाघानं नेलं. तिचं लुगडं मीच गोळा केलं. त्यानंतर जंगलाकडं माझा पायच उचलेना — पण गस्त तर रोज दिसली पाह्यजे. गस्तीचं अॅप होतं. मोबाइल खिशात ठेवून चाललं की नकाशावर लाल रेघ उमटते, अन् साहेब ऑफिसात बसून पाहतात. मोबाइल चालला म्हणजे झालं. कोणाच्या खिशात आहे हे कोण पाहते? आमचा म्हातारा वनमजूर पोचूभाऊ रोज माझा मोबाइल घेऊन जंगलात जाये. मी क्वार्टरात बसून.

इथपर्यंत भित्रेपण समजा. पुढचं त्याच्याहून वाईट आहे.

बाजूच्या बीटावर दौलतभाऊ गार्ड होते, रिटायर व्हायले दीड वर्ष राह्यलेले. ते मोबाइल घरीच ठेवत — टुणटुण वाजते, जनावर बिचकते म्हणत — अन् रोज सकाळी माझ्या ओट्यासमोरून पायी जंगलात जात. एकदा थांबले. "बाई, आपल्या हद्दीवर झाडं कापायच्या आऱ्याचा आवाज येऊन राह्यला. एकट्याचं काम नाई, दोघं जाऊन पाहू." मी म्हटलं, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या.

महिन्याभरानं त्यायच्या बीटात, हद्दीला लागून, कापलेल्या सागाचे थुटंच थुटं सापडले. चौकशी बसली. साहेबांनी लॅपटॉप उघडला. माझी लाल रेघ रोजची, एकही दिवस खाडा नाई. दौलतभाऊचा नकाशा कोरा. म्हणजे हा माणूस मुद्दाम जंगलात गेला नाई, चोरांशी मिळालेला आहे — झालं, पुरावा तयार. त्यायची हातानं लिहिलेली गस्तीची वही टेबलावरच होती. कोणी उघडूनही पाह्यली नाई.

मग मले विचारलं, "तुम्ही यांना सकाळी जंगलात जाताना कधी पाहिलं?"

काय सांगू? रोज पाहत होती. पण त्या टायमाले माझी रेघ तर जंगलात चार किलोमीटर आत होती. पाह्यलं म्हटलं तर कुठून पाह्यलं — ओट्यावरून?

"नाई," म्हटलं. कागदावर सही केली.

दौलतभाऊ समोरच बसले होते. अन् त्यायले सगळं माहीत होतं. माझा मोबाइल घेतलेला पोचूभाऊ त्यायले रोज वाटेत भेटे. एक शब्द बोलले असते तर ते सुटले असते, मी अडकली असती. मी त्यायच्या तोंडाकडं पाहत बसली — आता बोलतील, आता बोलतील. बोललेच नाई. बाहेर निघाल्यावर चप्पल घालता घालता एवढंच म्हणाले, "बाई, वाघाचं भेव मलेही वाटे."

त्यायची नोकरी गेली. गोंडपिपरीकडं गावात राहतात, अन् गावातले पोट्टे त्यायले सागचोर म्हणतात. मले चांगल्या गस्तीचं प्रमाणपत्र भेटलं. नव्या गार्डायले आता ते अॅप मीच शिकवते.

दौलतभाऊ अजून जिते आहेत. साहेबही तेच आहेत. माझ्या सहीचा तो कागद फाइलीत आहे, अन् तो खोटा आहे हे सांगायले मी आजपर्यंत गेली नाई.