बदामाच्या जागी काजू

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माझ्या आईला नाही, पाळकांना तर नाहीच. पुतणीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, ती घेतली आणि लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतच. तेव्हा हे वाचणाऱ्या बाई, अक्षराला हसू नकोस. बाकी कशाला हसायचं ते हस.

नाताळात आमचं घर बघण्यासारखं असतं. सासूबाईंची पाच लेकरं, त्यांचे संसार, नातवंडं — पंचवीस माणसं होतात. एकीकडं करंज्या तळतात, एकीकडं पेटी-ढोलकी, दीर कागदाचा तारा बांधायला शिडीवर चढलेला आणि खालून सात जण त्याला शिकवतायत. सगळे एकदम बोलतात. मी बोलत नाही. मी शब्द जुळवीपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. कसं सांगू — मी त्या घरात होते, पण कोणाला ऐकू येत नव्हते. नऊ वर्षं सासूबाई मला 'अगं' म्हणत. अगं, पाणी आण. अगं, कांदा चिर. माझं नाव रूथ आहे. तेव्हा घरात ते किती जणांच्या लक्षात होतं, देव जाणे.

मग शालिनी आली. धाकट्या दिराची बायको — जालन्याची, बारावी झालेली, पेटी वाजवणारी. आठ दिवसांत सासूबाईंच्या तोंडी 'आमची शालिनी, आमची शालिनी' सुरू झालं. वाईट होती का ती? नव्हती. मला ताई म्हणायची, माझ्या हातातली घागर काढून घ्यायची. वाईट असती तर मला आज लिहावं लागलं नसतं.

तिच्या पहिल्या नाताळाच्या आधी सासूबाईंचं मनगट धरलं. केक फेटणं त्यांना जमेना. आता तू म्हणशील, केकचं एवढं काय? आमच्याकडं जिच्या हातचा केक, तिचं नाताळातलं स्वयंपाकघर. करंज्या किती करायच्या, फराळाची ताटं कोणाकोणाच्या घरी जायची, कोणी काय चिरायचं — सगळं तिच्या शब्दानं. सासूबाई आम्हा दोघींना म्हणाल्या, "एकेक डबा करा. जिचा बरा होईल तिनं पुढं सांभाळायचं."

माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा मला कोणी तरी कशाला तरी उभं केलं होतं.

घरी ओव्हन नव्हता. पीठ कालवून डबे छावणीतल्या बेकरीत न्यायचे, ते भट्टीत भाजून देतात. नाताळात तिथं कितीतरी घरचे डबे येतात, सगळे पत्र्याचे, सगळे सारखे. चिठ्ठी लावावी तर ती करपते. म्हणून ज्याची त्याची खूण पिठातच असते — कोणी बेदाण्यांचा क्रूस करतं, कोणी तीन खारका ठेवतं. सासूबाईंनी माझ्या डब्यात मधोमध एक काजू ठेवला आणि शालिनीच्या डब्यात एक बदाम.

पण त्याआधीच माझं बिघडलं होतं. सोडा टाकला की नाही तेच आठवेना. शालिनीनं विचारलं, "ताई, सोडा घातला ना?" मी मान हलवली, आणि ती वळल्यावर घातला. बहुतेक दुसऱ्यांदा.

दुपारी डबे आणायला मी एकटीच गेले. बेकरीवाल्या चाचांनी दोन्ही डबे पुढं केले आणि म्हणाले, "बहनजी, काजूवाला जरा बैठ गया. ये बदामवाला देखो, क्या फूला है." माझा मधे खचलेला, कडेनं काळा. तिचा उशीसारखा वर आलेला.

मी पिशवी घेतली आणि चालू लागले. वाटेत मैदान लागतं, त्याच्या दगडी कठड्यावर बसले. समोर पोरं क्रिकेट खेळत होती, ऊन चांगलं लख्ख होतं. माझ्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं — माझ्याकडं कोणाचं कधी असतं? मी तिच्या केकमधला बदाम नखानं उकरून काढला. माझ्यातला काजू काढला. काजू तिच्या खड्ड्यात बसवला, बदाम माझ्या खड्ड्यात. केक अजून गरम होते, त्यामुळं दाबले की बसले. सांडलेला भुगा खाऊन टाकला.

झालं. एवढंच. किती वेळ लागला असेल? पदर सारखा करायला लागतो तेवढा.

भान सुटलं होतं, सैतानानं करवलं, असलं मी काही लिहिणार नाही. मी विचार करून केलं. उठताना खूण नीट बसली का ते पुन्हा बघितलं.

नाताळाच्या दिवशी उपासनेहून आल्यावर अंगणात सतरंज्या टाकल्या. सासूबाईंनी लांबलचक प्रार्थना केली, पोरं डोळे किलकिले करून केककडं बघत होती. काजूचा आधी कापला. "हा काजूचा? अगं, तुझा व्हय?" म्हणून सासूबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग बदामाचा कापला. मधल्या दिरांनी तुकडा तोंडात घातला, तसाच हातावर काढला आणि म्हणाले, "शालिनी, केक हाय का साबण? धुणं धुवावं का यानं?"

पंचवीस माणसं हसली. शालिनीही हसली. मग केककडं बघून म्हणाली, "पण मी सोडा एकदाच घातला होता." कोणाकडं न बघता, हळू.

तेव्हा गप्प राहिले असते तरी चाललं असतं. गप्प राहणं तर मला येतच होतं. पण मी बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले — "नवीन आहे ती. होतं असं."

त्या अंगणातलं माझं पहिलं मोठं वाक्य ते. आणि सगळ्यांनी ऐकलं, बरं का. दीर म्हणाले, "आरं, वहिनी बोलल्या!"

पुढच्या नाताळापासून केक माझा. चौदा वर्षं झाली. फराळाची ताटं माझ्या शब्दानं जातात. नणंदा मला विचारून मीठ घालतात. सासूबाई गेल्या, त्या मला रूथ म्हणत गेल्या.

आणि शालिनीला घरातली पोरं 'साबणकाकू' म्हणतात. ज्या पोरांनी तो केक पाहिलाही नाही, तीसुद्धा. आमच्या घरात नाव पडलं की सुटत नाही. तिनं पुन्हा कधी पीठ फेटलं नाही. नाताळात ती टुटीफ्रुटी निवडते, लसूण सोलते, मी सांगेन ते करते. गेल्या वर्षी तिची लेक माझ्यापाशी आली, "मोठी आई, मला केक शिकव ना. मम्मीला काय येतंय, साबण." शालिनी तिथंच लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. मी पोरीला जवळ घेतलं आणि शिकवलं.

तू म्हणशील, तेव्हा तरी सांगायचं. का सांगू? सांगितलं की काय होईल ते मला ठाऊक आहे. दोन दिवस हसतील, मग साबण माझ्या नावाला चिकटेल आणि शालिनी मला माफ करेल. सगळ्यांसमोर करेल, चांगल्या शब्दांत करेल. ते मला नको आहे. तिला शिक्षण आहे, पेटी आहे, बोलणं आहे, पोटची लेक आहे. मला हा एक डबा आहे. तो मी चोरला, आणि मी तो परत देणार नाही.

चर्चमध्ये सगळे मिळून पाप कबूल करतात, तेव्हा मीही ओठ हलवते. आत काही हलत नाही. हलायला पाहिजे का? असेल. देवानं त्या दिवशी मैदानावर पाहिलंच आहे, त्याला नव्यानं काय सांगू?

तिला कळलं असेल का? चौदा वर्षांत तिनं एकदाही विचारलं नाही. मीही तिच्या डोळ्यांत फार वेळ बघत नाही.

एक मात्र लिहून ठेवते, कारण ते माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. मी दर वर्षी केक करते, लोक बोटं चाटतात. पण त्या दिवशी अंगणात माझ्या नावावर जो केक सगळ्यांनी खाल्ला, तसा माझा एकदाही झालेला नाही. रवा तोच, लोणी तेच, भट्टी तीच. होत नाही. शालिनीचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.