दोनदा कोरी आलेली काच

सन १९७६. माझं वय एक्केचाळीस. पिंपरीच्या एका दवाखान्यात, लॅबमध्ये काचा रंगवायचं काम माझ्याकडं. शिक्षण चौथी. पण माझ्या रंगाला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नव्हतं, आजही खपत नाही.

त्या मंगळवारी डॉक्टरबाईंनी नेमकं तेच केलं. "गायकवाड, या बाईची काच दुसऱ्यांदा कोरी. तुमच्या रंगात सगळं धुऊन जातंय."

काच म्हणजे काय, ते सांगतो. गर्भाशयाच्या तोंडावरून लाकडी पट्टीनं थोडा स्राव घ्यायचा, काचेवर पसरायचा, लगेच काच स्पिरिटात बुडवायची. मग मी निळा, नारिंगी, हिरवट रंग चढवायचो. मायक्रोस्कोपखाली पेशी दिसतात. कॅन्सर कळतो, तसे जंतूही कळतात.

ही बाई चाकणकडच्या खेड्यातली. नाव लिहीत नाही. सहा महिने अंगावरून पांढरं जायचं, खाज, आग. नवरा कंपनीत. तो दारातूनच म्हणाला, "रिपोर्टात काय न्हाई, म्हंजी ही नाटक करती. येत्या रविवारी माहेरी सोडतो, कायमची."

बाई भिंतीकडं तोंड करून उभी.

मी अडून बसलो. "डॉक्टरबाई, त्याच रंगातल्या बाकीच्या काचा बघा." त्यांनी बघितल्या. सगळ्या ठसठशीत. मग हिचीच कोरी का? काच घेण्याआधीच काहीतरी होत असणार. पुरुषानं विचारायची गोष्ट नव्हती. दवाखान्यातल्या आयाबाईला, येसूबाईला पुढं केलं.

"घरनं निघताना काय करतीस गं?"

"तुरटीच्या पाण्यानं आतनं धुती. डाक्टरीणबाईम्होरं तसंच कसं जायाचं? लाज हाय का न्हाई?"

"अगं बया! चोराला हाकलून पोलिसाला घर दाखवतीस व्हय?"

येसूबाईनं तिला बजावलं, शुक्रवारी ये, तोवर आतून धुवायचं नाही.

शुक्रवारची काच मी रंग दोनदा गाळून रंगवली. डॉक्टरबाई बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग म्हणाल्या, "या, बघा." पेशींच्या मधे भोवऱ्याच्या आकाराचे, राखाडी-हिरवट जंतू. ट्रायकोमोनास. नवरा-बायकोच्या संबंधातून पसरतो, गोळ्यांनी जातो. पण नवऱ्यानंही घ्यायच्या, नाहीतर बाईला पुन्हा लागण.

नवरा भडकला. "रोग तिला, अन् गोळ्या मला? आन् हिला आला कुठनं?"

"कुणी कुणाला दिला, ते काच सांगत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "भाऊ, पुरुषात हा बहुतेक वेळा त्रास न देता गुपचूप राहतो. बाई सहा महिने खरं बोलत होती, एवढं मात्र काचेवर आहे."

तो बाकावर बसला. बायकोकडं बघेना. मग हळूच विचारलं, "किती दिस घ्यायच्या?"

"सात."

दोन्ही पुड्या त्यानं खिशात घातल्या. येसूबाई कुठली सोडते? "आन् रविवारी?"

"रविवारी कुठं न्हाई. घरीच."

तेव्हा कुठं बाई भिंतीपासून वळली.

डॉक्टरबाई 'चुकलं' म्हणाल्या नाहीत. मीही वाट बघितली नाही. रंग कितीही चांगला असो, काचेवर काही आलंच नाही तर रंगवणार काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. बाकावर बसलेल्या बायकांना आधी तेच विचारायला येसूबाईला लावलं. सातांतल्या पाच जणी धुऊन आल्या होत्या. त्यांना परवाची तारीख दिली, आणि मी पाच काचा परत डब्यात ठेवल्या.