पालमच्या फॉरवर्डची भरती

चुडाव्यात स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर बसवराजचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार तो खोलतो, काळी पडलेली तार ओढून काढतो, नवी तार भरतो, वार्निश मारतो आणि गिऱ्हाइकाला छातीठोक सांगतो, "आता हिच्याकडं दहा वर्षं बगायचं काम न्हाई." त्यातल्या बऱ्याच मोटारी पुढच्याच उन्हाळ्यात परत येतात. तरी बसवराजचा स्वतःच्या बोलण्यावरचा विश्वास ढळत नाही. गावच्या फुटबॉल टीमबद्दलही त्याचं असंच होतं.

तो स्वतः कधी खेळला नव्हता. शाळेत एकदा गोलकीपर तापानं पडला म्हणून त्याला उभं केलं. पहिलाच बॉल तोंडावर आला. बसवराजनं तो अडवला खरा, पण लोक टाळ्या वाजवायच्या आत तो आडवा झाला होता. एवढ्या भांडवलावर त्यानं जन्मभर टीमला सल्ले दिले. गावात त्याला 'फिफा अप्पा' म्हणत. नाव चिडवायला ठेवलेलं होतं, आणि ते त्याला मनातून आवडायचं, ही त्याला स्वतःलाच शरमेची गोष्ट वाटे.

दर जानेवारीत पूर्णेच्या मैदानावर आसपासच्या गावांचे सामने होत. त्या साली फायनलला चुडावा आणि पालम समोरासमोर आले आणि पालमनं चुडाव्याला तीन-एकनं धुतलं. तिन्ही गोल एकट्या आदिनाथचे. आदिनाथ म्हणजे पालमचा फॉरवर्ड, उंच, सडपातळ, हसरा पोरगा. बसवराजला त्याचं हसणंच जास्त झोंबायचं. दुसऱ्या दिवशी बसवराजनं बायकोसमोर, महेश्वरीसमोर, कानाला हात लावला. "संपलं आपलं. आता फुटबॉलचं नाव काढायचं न्हाई."

"बरं," महेश्वरी म्हणाली. "मागच्या वर्षी बी हेच म्हणले होते."

होळी झाली आणि बसवराजच्या डोक्यात आशेचा किडा वळवळायला लागला. दुपारी दुकानात भगवानराव येऊन बसत. ते रेल्वेतून रिटायर झालेले, टीमला शिकवणारे, बोलायला कमी. बसवराज तार गुंडाळता गुंडाळता हिशेब मांडायचा. आपला गोलकीपर धम्मानंद पुण्याच्या कंपनीत जायचं म्हणत होता, तो आता जात नाही, इथंच क्लास काढायलाय. बॅकला खेळणारा पंडित लग्नानंतर सुटलाय, पण सासुरवाडीचं कौतुक किती दिवस चालणार? उतरेल वजन.

"युरोपात पैसे टाकून खेळाडू नेतेत," तो म्हणायचा. "आपल्याकडं पोरं नेती ती कंपनी, न्हाईतर सासरा. आता बगा, पालमच्या आदिनाथला एखाद्या लांबच्या सासऱ्यानं नेलं, तर औंदाचा कप आपलाच."

"अन् न्हाई नेलं तर?" भगवानराव विचारायचे. बसवराज हातातली तार आणखी घट्ट ओढायचा.

उत्तर चालत आलं ते मे महिन्यात, हातात बंद पडलेला मिक्सर घेऊन. सविता, दुकानाच्या मागच्याच घरातली सून. तिचं माहेर पालमचं, आणि आदिनाथ तिचा धाकटा भाऊ. मिक्सर ठेवून ती म्हणाली, "अप्पा, मपल्या भावाला दोन शब्द सांगा ना. बारावी झाला, पुढं कायबी करीना. नुसता बॉल अन् बॉल. घरचे थकले. तुमी खेळातले माणूस, तुमचं ऐकल तो."

'खेळातले माणूस' ऐकून बसवराज आधी फुगला. मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"पोलीस भरती!" तो म्हणाला. "पळतो कसा हरणावाणी. त्याला इकडं बोलावून घे. मी करतो त्याची तयारी."

सविताचे डोळे भरून आले. "अप्पा, तुमच्यावाणी माणूस मिळत न्हाई वो," ती म्हणाली. बसवराजनं मिक्सरमध्ये तोंड घातलं. पोरीच्या भाबडेपणाची त्याला लाज वाटली. पण ती लाज फार वेळ टिकली नाही, कारण तोवर त्याला पालमच्या टीममधली रिकामी जागा दिसायला लागली होती.

आदिनाथ बहिणीकडं राहायला आला. अर्ज कुठल्या जिल्ह्यातून भरायचा, असं त्यानं विचारलं; ज्या जिल्ह्यात भरती, तिथंच नोकरी. बसवराजनं मोबाइलवर नकाशा काढला आणि परभणीपासून बोट सरकवत सरकवत समुद्रापर्यंत नेलं.

"सिंधुदुर्ग," तो म्हणाला. "तिथं लय चान्स हाय."

"तुमाला कसं काय माहीत, अप्पा?"

"अनुभव," बसवराज म्हणाला. त्यानं सिंधुदुर्ग कधी पाहिलेलं नव्हतं.

मग रोज सकाळी चुडाव्यानं एक तमाशा पाहिला. पुढं आदिनाथ पळायलाय, मागं स्कुटीवर बसवराज, तोंडात शिट्टी. रुळाच्या कडेकडेनं जायचं, पुलापर्यंत, आणि परत. महेश्वरी शेंगदाण्याचे लाडू आणि धपाटे द्यायची. पण भगवानराव म्हणाले होते, पोराला अंडी पाहिजेत. बसवराजच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं शिरलेलं नव्हतं. तो पूर्णेहून तांब्याच्या तारेच्या पिशवीत अंडी लपवून आणायचा आणि परस्पर सविताकडं पोचवायचा. एकदा पिशवीत दोन फुटली. त्या दिवशी भरलेल्या मोटारीला चालू केल्यावर ऑम्लेटचा वास आला, आणि गिऱ्हाईक म्हणालं, "अप्पा, वार्निश बदललं का?"

टीमच्या पोरांना हे काही उमजेना. पंडित सरळ दुकानात आला. "अप्पा, तुमी कुण्या गावचे हाव? आमाला सोडून त्याला कामून पळवायलाव?"

"गप रे. हिकमत हाय," बसवराज म्हणाला आणि त्यानं दार लोटून सगळा बेत सांगितला.

पंडित खूश झाला. कोपऱ्यात बसलेल्या भगवानरावांनी मात्र दाढी खाजवली. "बसवराज, तो आधीच वेगवान. रोज पळून आणखी वेगवान व्हयल की."

"व्हयना का! सिंधुदुर्गात व्हयल."

भरतीचं मैदान, म्हणजे पळण्याची चाचणी, सिंधुदुर्गात झालं. आदिनाथ पळण्यात सगळ्यांच्या पुढं आला. सवितानं पेढे वाटले. बसवराजनं दोन पेढे खाल्ले आणि भगवानरावांकडं अशा नजरेनं पाहिलं की आता बोला.

आठवड्यानं आदिनाथ दुकानात आला. "अप्पा, आता लेखीचं कसं करायचं?"

"कशाचं?"

"लेखी परीक्षा. गणित, व्याकरण, सामान्य ज्ञान. लवकरच हाय म्हणायलेत."

बसवराजच्या हातातली पकड खाली पडली. इतके महिने त्यानं पोराचे पाय तयार केले होते. मानेवरच्या भागाचा त्यानं विचारच केला नव्हता, ना पोराच्या, ना स्वतःच्या. त्यानं धीर दिला, "सोपी असती." यावेळीही तो अनुभवानंच बोलला होता.

आदिनाथ लेखीत नापास झाला. डिसेंबरच्या शेवटी तो पालमला परत गेला, पहिल्यापेक्षा भरलेल्या मांड्या आणि दुप्पट दम घेऊन.

जानेवारीत सेमीफायनललाच गाठ पडली. पालम विरुद्ध चुडावा. पंडितचं वजन सासुरवाडीनं उतरू दिलेलं नव्हतं. आदिनाथ त्याच्या बाजूनं असा गेला, की पंडित त्याला शोधायला मागं वळला तेव्हा बॉल जाळीत होता. दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा तेच. बसवराज मैदानाच्या कडेला चुडाव्याच्या लोकांत उभा होता. पुढचं सगळं फार पटकन घडलं. दुसरा गोल मारून आदिनाथ आपल्या पोरांकडं गेलाच नाही. तो सरळ पळत बसवराजकडं आला, वाकला, आणि साऱ्या चुडाव्यादेखत त्यानं त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

"अप्पा, हा दम तुमचा हाय."

बसवराजला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला चपलांसकट पोटात घ्यावं. पण हात मेला सवयीनं वर आला आणि पोराच्या डोक्यावर गेलाच. तोंडूनही निघालं, "मोठा हो."

चुडावा दोन-शून्यनं हरलं. परतीच्या पॅसेंजरमध्ये बसवराजच्या बाकावर कोणी बसलं नाही. एरवी त्या गाडीत जागेसाठी भांडणं होतात.

घरी महेश्वरीनं ताट वाढलं. तिच्या कानावर सगळं आलं होतं. "तुमी त्या पोराचं वाईट चिंतलं का चांगलं?" तिनं विचारलं.

"मलाच कळंना," बसवराज म्हणाला. आणि ते खरं होतं. पायावर ठेवलेल्या त्या घामेजल्या डोक्याची ऊब त्याच्या चपलेतून जात नव्हती. पालमनं कप जिंकला आणि त्याला वाईट वाटायचं तेवढं वाटलं नाही. याचा त्याला जास्त धसका बसला.

त्यानं धम्मानंदला गाठलं. त्याचा क्लास आता चांगला चालला होता. "आदिनाथला लेखीला बसव."

धम्मानंद पाहतच राहिला. "अप्पा, पाच गोल खाल्ले मी त्याचे. आता त्याला गणित बी मीच शिकवू?"

"तो गेला तरच तुझे गोल वाचतेन ना."

"अप्पा, खरं बोला."

बसवराजनं मान खाली घातली. "पोरगं चांगलं हाय रे," तो म्हणाला.

धम्मानंदनं शिकवलं. पुढच्या भरतीला अर्ज भरताना बसवराज स्वतः होऊन म्हणाला, "औंदा परभणीतूनच भर. घराजवळ राहशील." हे वाक्य बोलायला त्याला किती कष्ट पडले ते त्यालाच ठाऊक. पण आदिनाथ म्हणाला, "न्हाई अप्पा, सिंधुदुर्गच. मागच्या वेळी समुद्र बगितला म्या. आवडला." यावेळी तो पास झाला, आणि ट्रेनिंगला गेला.

मग जानेवारी आला, आणि सेमीफायनलला पुन्हा पालमच समोर. पालमनं त्याच्या जागी एक नवखा पोरगा उतरवला होता. त्याला बॉल कुठं न्यायचा तेच कळत नव्हतं. चुडाव्यालाही कळत नव्हतं. शेवटी पालमच्याच बॅकनं गोंधळून बॉल आपल्या जाळीत मारला आणि चुडावा एक-शून्यनं जिंकलं. पोरांनी बसवराजला खांद्यावर घेतलं, पंडितनं गुलाल फासला, आणि भगवानरावसुद्धा हसले. बसवराज वर बसून हात हलवत राहिला, पण नजर पुन्हा पुन्हा पालमच्या पोरांकडं जात होती. हरल्यावर कसं वागायचं हे त्याला पाठ होतं. जिंकलेल्या माणसानं चेहरा कसा ठेवायचा, ते मात्र कोणी शिकवलं नव्हतं. दोन दिवसांनी फायनलला बोरीच्या टीमनं चुडाव्याला चार गोल मारले, तेव्हा कुठं त्याचा चेहरा जागेवर आला.

संध्याकाळी आदिनाथचा फोन आला. "अप्पा, काय झालं?"

"पालमला हरवलं आमी."

पलीकडून आधी "अरेरे" आलं. मग तो हसला. "अन् फायनल?"

"ते सोड. जेवण कसं हाय तिथं?"

"मासे लय. धपाट्याची आठवण येती. अन् अप्पा, एक सांगायचं राहिलं. ट्रेनिंग संपल्यावर पुढच्या जानेवारीत सुट्टी मिळती म्हणायलेत. सामन्याला येतोच म्या."

बसवराजनं फोन कानाला घट्ट धरला. "येशील ना नक्की?" तो म्हणाला, आणि आपण हे विनवणीच्या सुरात बोललो, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

"येतो की. पळायची प्रॅक्टिस बी चालूच हाय, रोज वाळूत."

"वाळूत?"

"हां. पाय लय भारी होतेत, अप्पा."

फोन ठेवल्यावर महेश्वरी म्हणाली, "काय म्हणतंय लेकरू?"

"पुढच्या वर्षी येतो म्हणतंय," बसवराज म्हणाला. "वाळूत पळायलंय." मग त्यानं चपला पायात सरकवल्या आणि पंडितच्या घराकडं निघाला. त्याचं वजन काय म्हणतंय, ते एकदा बघायला हवं होतं.