दुसऱ्याचा कोट

अमरावतीत नागसेनचा फोटो स्टुडिओ जितका माहीत आहे, त्याहून त्याची जीभ जास्त माहीत आहे. कॅमेऱ्याचं कौतुक त्याला खपत नाही. अकोल्याचा धर्मेंद्र हा त्याचा जुना दोस्त. लग्नाच्या मोठ्या ऑर्डरी दोघं मिळून घेतात. धर्मेंद्र दर दिवाळीला नवा कॅमेरा घेतो आणि नागसेन त्याला ऐकवतो, की स्वयंपाकाचा गंज नवा घेतल्यानं भाजीला चव येत नाही. उजेड ओळखता यावा, हात स्थिर असावा, बाकी सगळी दुकानदारी. नागसेनची बायको ज्योत्स्ना घरी कॉम्प्युटरवर अल्बम बनवते. तिचं मत तिसरंच. उजेड बरोबर, कॅमेरा महाग आणि फोटोतला माणूस मात्र पुतळा. आधी समोरच्याशी दोन शब्द बोलत जा, असं ती दोघांनाही सुनावते.

असा हा नागसेन एक दिवस धर्मेंद्रकडे चेहऱ्याच्या फोटोसाठीची भारी लेन्स मागू लागला. धर्मेंद्रला आधी हसू आलं, मग नवल वाटलं. तरी त्यानं ती एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवून दिली. आली ती पिशवीतच पडून राहिली.

कारण नागसेन भ्याला होता. त्याची माय पंचफुला, तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि दवाखान्यात जायच्या आधी आपला एक चांगला फोटो काढ, एवढंच तिनं मागितलं होतं. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. भिंतीवर लावायचे असे फोटो त्यानं कितीतरी म्हाताऱ्यांचे काढले होते. ती माणसं पुढे एकेक करून गेली. वयच झालं होतं, जाणारच होती, हे त्याला कळत होतं. पण आपण बटण दाबलं की मायचं जाणं पक्कं झालं, असं काहीतरी खुळं त्याच्या मनात बसलं होतं. म्हणून कधी ऊन कडक निघे, कधी आभाळ येई, आणि काहीच नसलं की लेन्स नसे. आता लेन्सही आली होती आणि ऑपरेशन उद्यावर आलं होतं.

"काहून टाळून राह्यला रे?" पंचफुलाबाईनं विचारलं.

त्यानं उजेडाचं कारण पुढे केलं. तिनं भिंतीकडे पाहिलं. तिथं बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली नागसेनच्या बाबांचा फोटो होता. बाबा अचानक गेले, तेव्हा त्यांचा एकट्याचा एकही फोटो घरात निघाला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून नागसेननंच त्यांचा चेहरा कापला, त्यांच्या खांद्यावरचा परका हात पुसून टाकला आणि सगळे स्टुडिओवाले करतात तसा तो चेहरा एका तयार निळ्या कोटावर बसवला. बाबांनी जन्मात कोट घातला नव्हता.

"रोज पायतो मी त्याइच्याकडे," माय म्हणाली. "पन तो मानूस मले आपला वाटत नाई. मले कोनाच्या साडीत नको बसवू, नागसेन."

त्यानं पिशवीतून लेन्स काढली. माय आपली पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून खिडकीजवळ खुर्चीवर बसली. त्यानं लेन्स लावली, कॅमेरा डोळ्याला नेला, आणि ज्या हाताच्या जोरावर जन्मभर फुशारकी मारली तो हात थरथरायला लागला. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून काय करायचं, ते त्याला येत होतं. त्यानं शटरचा वेग वाढवला. मग मायच्या डोळ्यांवर नेम धरला आणि थबकला.

माय भ्याली होती. आठवडाभर डॉक्टरची नक्कल करून घरादाराला हसवणारी माय खालचा ओठ दातात धरून बसली होती, आणि तिचं बोट साडीचा काठ सारखं चाचपत होतं. धर्मेंद्रची ती लेन्स काहीच लपवत नव्हती. नागसेनला शरम वाटली. भीती आपल्या एकट्याचीच, असं धरून त्यानं इतके दिवस काढले होते.

त्यानं कॅमेरा खाली घेतला. "माय, भेव लागते?"

"लागते ना बापा."

"मलेबी."

कॅमेरा दारात उभ्या ज्योत्स्नाच्या हातात देऊन तो मायच्या मागे उभा राहिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. मायनं ओठ सोडला. ज्योत्स्नानं फोटो काढला.

तो कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा पंचफुलाबाई दवाखान्याची पिशवी भरत होती. भिंतीवरच्या फोटोत माणूस एकटाच असतो, हा धंद्याचा रिवाज. ज्योत्स्नानं सवयीनं नागसेनला बाहेर कापलं. खांद्यावर तेवढा त्याचा पंजा उरला. तोही पुसून टाक, असं नागसेन पुटपुटला.

"तो राहू दे," माय पिशवी सोडून म्हणाली. "तो काई परका हात नाई. अन् वापस आली का मीच टांगीन हा फोटो."

नागसेननं मान हलवली. भीती काही गेली नव्हती, पण तो उठला आणि बाबांच्या फोटोशेजारी एक खिळा ठोकून आला.