काठीबाईंचं ऊन

१४ मे. दुपारचं जेवण उरकून पुठ्ठा, पट्टी, ब्लेड आणि डिंकाची बाटली घेऊन ऑफिसच्या मागच्या खोलीत बसले. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगसाठी घरांचे दोन नमुने करायचे होते. कोल्हारच्या अलीकडे दूध संघातून निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्यांची सोळा घरांची सोसायटी होते आहे. तिचे दोन आराखडे माझ्या ऑफिसने केले, अ आणि ब. अ मध्ये सगळी घरं रस्त्याकडे म्हणजे पश्चिमेला तोंड करून, पुढे मोठमोठ्या खिडक्या आणि प्रत्येकाला रस्त्यावर स्वतःचं फाटक. ब मध्ये घरं फिरवून आत घेतलेली. पश्चिमेला फक्त आखूड भिंत, तीही जिन्याची आणि न्हाणीघराची. कॉम्प्युटरवर दोन्ही आराखड्यांवर वर्षभराचं ऊन पाडून पाहिलं. अ मधल्या झोपायच्या खोलीत मे महिन्यात दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत ऊन होतं. ब मधल्या खोलीत नव्हतं.

सोळा घरांचा प्रश्न होताच, पण माझ्या डोक्यात एकच खाट होती. सभासदांपैकी यमुनाबाईंचा नवरा अर्धांगाने पडून आहे. बाई ऑफिसात आल्या, पाणी प्यायल्या, नकाशाकडे नीट बघितलंही नाही. म्हणाल्या, "ताई, आमचे हे उठत न्हाईत. ह्यांची खाट कोन्त्या भिंतीला लागंल तेवढं दावा." मी आधी अ मध्ये दाखवलं, मग ब मध्ये, आणि दोन्हीकडे ऊन कधी येईल तेही सांगितलं. "मंग हीच करा की," ब वर बोट टेकवून त्या म्हणाल्या, आणि एस. टी. पकडायला निघून गेल्या. त्यांच्यासाठी विषय संपला होता. पण चेअरमनना अ हवा होता, आणि आराखड्यावर सही माझी लागणार होती.

पुठ्ठ्याची घरं कापायला मला काठीबाईंनी शिकवलं. त्यांचं खरं नाव ऑफिसच्या पाटीवर होतं, पण श्रीरामपूरपासून राहात्यापर्यंतचे मिस्त्री, गवंडी आणि घरमालक त्यांना काठीबाईच म्हणत. कारण प्लॉटवर आल्याबरोबर त्या कुणाशी न बोलता मधोमध एक सरळ काठी ठोकत. पिशवीतून ओळंबा काढून ती उभी सरळ आहे ना ते बघत, सुतळीने तिच्याभोवती गोल आखत आणि त्यावर चुन्याची फक्की टाकत. मग डोक्यावर पदर घेऊन बांधाला टेकत. सकाळी काठीच्या सावलीचं टोक गोलाला शिवलं की तिथे एक खुंटी. दुपारनंतर सावली दुसऱ्या बाजूने लांबत जाऊन पुन्हा गोलाला शिवली की तिथे दुसरी. दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणली की ती खरी पूर्व-पश्चिम. यात सगळा दिवस जायचा. मालक वैतागून म्हणत, "बाई, मोबाईलमदी होकायंत्र हाय की." बाई म्हणत, "असू द्या. त्याला तुमच्या सळयांचा ढीग दिसतो. मला सूर्य दिसतो."

मे महिन्याच्या मध्याला आमच्याकडे भर दुपारी काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते आणि दिसेनाशी होते. मिस्त्री खूश होऊन उठायचा, "चला बाई, सावली संपली." बाई बसूनच म्हणायच्या, "संपली नाही, बाजू बदलतीये. डबा काढ." मग आम्ही तिघं बांधावर भाकरी खायचो. त्या उन्हात जेवणाला चव नसायची, पण बाईंना नाही म्हणायची सोय नव्हती.

मी त्यांच्याकडे लागले तेव्हा आयटीआयचा कोर्स नुकताच झाला होता. रेघ सरळ यायची, अक्षर चांगलं होतं, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं वाटायचं. पहिल्याच दिवशी मी काढलेल्या नकाशाच्या कोपऱ्यातल्या बाणावर त्यांनी बोट ठेवलं. "ही उत्तर कुठून आणलीस?"

"कागदावर वरतीच असते ना, बाई."

"कागदावर राहायला जाणारेत का ते?" त्या म्हणाल्या, आणि चप्पल घालून मला घेऊन प्लॉटवर निघाल्या. त्या दिवशी संध्याकाळी घरी गेले तेव्हा आईने विचारलं, नोकरी ऑफिसात आहे की वीटभट्टीवर.

कोणाचं नवं घर करायचं असेल तर बाई आधी त्याच्या जुन्या घरात जाऊन बसत, तेही दुपारी चारला. चहा घेत, आणि बोलता बोलता तळहात भिंतीला लावत. आजाऱ्याचं कपाळ बघावं तसा. मग घरातल्या बाईला विचारत, "उन्हाळ्यात तुम्ही पोळ्या किती वाजता करता? आणि जाऊन पडता कुठं?" पुरुषमाणसं मध्येच वास्तूचं, दाराचं, पार्किंगचं काढत. एका बागायतदाराला त्यांनी माझ्यासमोर सुनावलं होतं. "गोठा कुठं बांधायचा ते विचारायला कधी इंजिनियर बोलावलात? म्हशीला दुपारी सावली कुठून मिळेल ते तुम्हाला बरोबर कळतं. बायकोला स्वयंपाकघरात कुठून मिळेल ते बरं नाही कळत!" त्याची बायको आत गेली ती हसू आवरायला गेली, हे आम्हाला ऐकू आलं.

एकच आराखडा घेऊन त्या कधी कुणाकडे गेल्या नाहीत. "एकटा आराखडा कुणालाही आवडतो. शेजारी दुसरा ठेव, म्हणजे माणूस भांडायला लागतो. भांडला की बघतो." दोन्हींचे पुठ्ठ्याचे नमुने गच्चीवर खऱ्या दिशेला लावून त्या तीन वेळा बघत: वैशाखात, दिवाळीत आणि संक्रांतीला. वैशाखात ऊन कुठे नको, संक्रांतीला कुठे हवं, आणि म्हाताऱ्या माणसाला सकाळी बसायला जागा कुठे मिळते, याची त्या कोष्टकं करत. वर्षभर न थांबणाऱ्या घाईच्या मालकासाठी नमुना तिरका करून त्या त्या ऋतूच्या उन्हाचा कोन जुळवत. पण असे नमुने तिरके करताना त्यांचा चेहरा पाहुण्याला शिळं वाढल्यासारखा असायचा.

तोच बागायतदार पुढे काचेच्या दर्शनी भागावर अडून बसला. शहरात असतात तसा, पश्चिमेला, दोन मजली. बाईंनी दोन नमुने केले, एकाला पुढे काच लावली, दुसऱ्याला जाड भिंत आणि रुंद छज्जा. दोन्हींत लोण्याचा एकेक गोळा ठेवला आणि बागायतदाराला दुपारभर गच्चीवर बसवलं. काचेच्या घरातलं लोणी पसरून पुठ्ठ्यातून खाली आलं. दुसऱ्यातलं मऊ झालं होतं, पण गोळा होता.

"लोनी हाय ते, बाई. मानसं न्हाईत," तो हसून म्हणाला.

"माणसं वितळत नाहीत, चिडतात. तुमच्या घरात आधी कोण चिडेल ते बघून ठेवा."

त्याने काचच लावायची ठरवली. बाईंनी सही दिली नाही. ते आमचं तेव्हाचं सगळ्यात मोठं काम होतं आणि ते गेलं. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "रागावलीस ते ठीक. पण उद्या त्या घरातली बाई मला रस्त्यात भेटली तर तिच्याशी बोलायचं कसं, ते मला सांग."

कॉम्प्युटरवरचा उन्हाचा प्रोग्राम मी आणला तेव्हा वाटलं, बाई नाक मुरडतील. उलट साठी ओलांडलेल्या त्या बाई चष्मा पुसून शेजारी बसल्या आणि आठवड्यात माझ्यापेक्षा भरभर चालवायला लागल्या. वर्षाच्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही तासाला, कुठल्याही खिडकीत ऊन पाडता येतं म्हटल्यावर त्या लहान मुलीसारख्या हरखल्या. हुरळले ती मी. मला वाटलं, आता प्लॉटवर जायची गरज नाही.

मग माझ्या हातून ती चूक झाली. पारनेरकडच्या एका गावात घर होतं. दिशा मी फोनवरच विचारली. मालक म्हणाला, "देवळाचं दार पूर्वेला, आमचा प्लॉट देवळाला समांतर." आमच्याकडे गावोगाव पूर्व अशीच सांगतात, देवळाच्या दारावरून, आणि कुणाला त्यात शंका येत नाही. मी ते धरून प्रोग्राम चालवला. उत्तरेचं स्वयंपाकघर निळंशार, म्हणजे गार आलं. घर उभं राहिलं. पहिल्या उन्हाळ्यात मालकिणीचा फोन आला की चारनंतर ओट्यापाशी उभं राहवत नाही. बाई काठी घेऊन गेल्या, मी मागून. संध्याकाळी दोरी ताणली तेव्हा देऊळ खऱ्या पूर्वेपासून चांगलंच उत्तरेला वळलेलं निघालं. प्रतिष्ठापना वैशाखातली, आणि त्या दिवशी सूर्य जिथे उगवला तिकडे दार ठेवलेलं. देवाला त्याचा त्रास नव्हता. माझं स्वयंपाकघर मात्र उत्तरेवरून वायव्येच्या अंगाला सरकलं होतं आणि मावळतीचं ऊन ओट्यावर येत होतं.

"घरात जा आणि चूक कुणाची ते सांगून ये," बाई म्हणाल्या. मी गेले, सांगितलं. मालकीण कढई खाली ठेवून म्हणाली, "व्हय का? मंग तुज्या मशिनीला म्हनावं, ये, रातचा सैपाक तू कर." पुढच्या महिन्यात आम्ही तिथे पडवी बांधून दिली, कौलं खाली ओढली, आणि बाहेर शेवगा लावला. परतताना जीपमध्ये बाई म्हणाल्या, "मशीन बरोबर होती. तू खुर्चीवरून उठली नाहीस." त्यानंतर तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

बाई गेल्या पौषात वारल्या. शेवटचे आठ दिवस दवाखान्यात होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नर्सला सांगितलं, "ही खाट फिरवा. चार वाजता ऊन थेट डोळ्यांवर येतं."

"आजी, इथं सगळ्याच खाटा अशा हायेत."

"मग सगळ्याच चुकल्यात."

नर्स हसली आणि गेली. मी आणि वॉर्डातल्या एका पेशंटच्या भावाने मिळून खाट फिरवली. सलाईनचा स्टँड, ऑक्सिजनची नळी, सगळं फिरवावं लागलं. मोठ्या सिस्टरांनी येऊन आरडाओरडा केला. बाईंनी डोळे मिटून घेतले होते, पण झोपल्या नव्हत्या; तोंडावर समाधान होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेशंटनेही आपली खाट फिरवून मागितली. बाई गेल्या त्या दिवशी त्या ओळीतल्या चार खाटा फिरलेल्या होत्या. अंत्यविधीला मिस्त्री लोक खूप आले. कुणी भाषण केलं नाही. एकाने विचारलं, आता ऑफिस कोण बघणार. मी म्हटलं, मी.

तर १४ मे. पाचच्या सुमाराला दुसऱ्या नमुन्याचं छप्पर चिकटवत होते, तेवढ्यात चेअरमनचा फोन आला.

"मॅडम, अ फायनल करून टाका. लोकांना रस्त्यावर फाटक पायजे. शोभा बी आहे."

"अ मध्ये झोपायच्या खोल्या तापतात."

"तुमच्या त्या रंगीत चित्रावर काय जायचं? कॉम्प्युटरचं काय खरं?"

"तुमच्या प्लॉटवर दिवसभर उन्हात मी स्वतः बसले होते. तेव्हा तुम्ही नव्हता."

"तसं न्हाई हो. पण सही तर तुमाला करावीच लागंल. न्हाईतर नगरचा एक इंजिनियर तयार हाय, त्यो दोन दिवसांत देतो म्हनला."

"देऊ दे."

"राग नका येऊ देऊ. सकाळी दहाला या, आमच्या घरीच, वरच्या हॉलमधे. नवीन बांधलाय, रस्त्याच्या अंगाला, मावळतीकडं मोठ्या खिडक्या. मस्त गार असतंय, मोकळ्या मनानं बोलू."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. छप्पर वाळेपर्यंत बसून राहिले. अ वर सही केली नाही तर काम जाणार, हे दिसत होतं. ऑफिसात आता तीन मुली आहेत, त्यांना काय सांगायचं तेही ठरवलं: जे झालं तेच. मग दोन्ही नमुने खोक्यात भरले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सभासदांची यादी घेऊन फोनपाशी बसले. पहिला फोन यमुनाबाईंना. म्हटलं, मीटिंग दहाची नाही, दुपारी चारला आहे, तुम्ही स्वतः या. मग ओळीने बाकीचे. नववा नंबर लागला तोवर खुद्द चेअरमनचा फोन आला. बातमी पोचली होती.

"मॅडम, चारला? आमच्या वरच्या हॉलमधे? अहो, चारला वर बसवतं व्हय?"

"का? काय होतं?"

पलीकडे मागे त्यांची बायको कोणाला तरी वरच्या हॉलचे पडदे आतापासूनच ओढून घ्यायला सांगत होती. "मग चारलाच," मी म्हटलं, आणि दहावा नंबर लावला.